मसल कारचे मूळस्थितीत पुनःस्थापन

मसल कारचे मूळस्थितीत पुनःस्थापन : मसल कार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारगाड्या कारखान्याच्या असेंब्ली लाइनवरून ज्या स्थितीत बाहेर पडल्या, त्याच स्थितीत परत आणण्याची पद्धती. मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दारी गाडीत मोठे व्ही-८ एंजिन, ही या वर्गाची स्थूल व्याख्या. त्याचा मुख्य काळ साधारणतः १९६४ ते १९७२ असा मानला जातो. मराठीत अशा कामाला ‘जीर्णोद्धार’ म्हणण्याकडे कल दिसतो, परंतु तो शब्द येथे फारसा नेमका नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे देऊळ नव्याने उभारले त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो; म्हणजे या शब्दाला नव्या बांधणीचे वावडे नाही. प्रस्तुत पद्धतीत मात्र नव्याला शक्य तितकी मनाई असते, आणि नवे घालावेच लागले तर ते जुन्याच मापाचे, जुन्याच खुणांचे आणि जुन्याच उणिवांचे असावे लागते. म्हणून या नोंदीत ‘पुनःस्थापन’ ही संज्ञा वापरली आहे.

या वर्गातील पहिली गाडी कोणती याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ओल्ड्समोबिल कंपनीच्या १९४९ मधील रॉकेट ८८ पर्यंत मागे जातात. तिच्या तुलनेने हलक्या बांध्यात ३०३ घन इंचांचे नवे व्ही-८ एंजिन बसविले होते. दुसरे मत १९५५ मधील क्रायस्लर सी-३०० च्या बाजूचे आहे. तिची ३०० अश्वशक्ती त्या काळी लक्षणीय होती, मात्र ती आकाराने मोठी व किमतीने महाग गाडी होती. १९५७ मधील रॅम्ब्लर रेबेल (३२७ घन इंच, २५५ अश्वशक्ती) हिचा दावा तांत्रिक दृष्ट्या अधिक बळकट आहे, कारण लहान देह व मोठे एंजिन हे सूत्र तिच्यात स्पष्ट दिसते. पण तिने मागे परंपरा निर्माण केली नाही. बहुसंख्य लेखक १९६४ मधील पॉन्टियाक जीटीओ हाच आरंभबिंदू धरतात. पॉन्टियाक व शेव्हरोले या ज्या कंपनीच्या शाखा, त्या जनरल मोटर्सने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी एंजिनाच्या आकारमानाची ३३० घन इंच ही कमाल मर्यादा अंतर्गत धोरणाने ठरविली होती. पॉन्टियाकचे अभियंते जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे एंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न आणता टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवरील सुमारे २९६ डॉलरचा ऐच्छिक संच म्हणून आणले आणि ती मर्यादा ओलांडली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. प्रस्तुत विषयापुरते बोलायचे तर हेच मत ग्राह्य धरणे सोयीचे आहे. सुट्या भागांच्या पुनरुत्पादनाचा व्यवसाय १९६४ नंतरच्या गाड्यांभोवतीच मुख्यतः उभा राहिला, आणि १९५७ ची रेबेल हाती घेणाऱ्याला बाजारात तयार पत्रा जवळजवळ मिळत नाही.

या आरंभकथेचा एक परिणाम पुनःस्थापकाला आजही भोगावा लागतो. जीटीओ हा १९६४ व १९६५ मध्ये केवळ ऐच्छिक संच असल्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांच्या वाहन ओळख क्रमांकात त्याची कोणतीही नोंद नाही. समोरची गाडी खरी जीटीओ आहे, की कोणी पुढे मागे जीटीओचे भाग चढविलेली साधी ल मान्स आहे, हे निव्वळ क्रमांक वाचून सांगता येत नाही. १९६६ पासून जीटीओला स्वतंत्र मालिका-अंक मिळाला आणि हा प्रश्न त्या गाडीपुरता सुटला. शेव्हरोलेच्या बाबतीत तो सुटला नाही. १९६९ च्या कॅमॅरोचा क्रमांक एंजिन सहा सिलिंडरांचे की आठ एवढेच सांगतो. एसएस अथवा झेड/२८ या संचांविषयी तो मूक असतो.

त्यामुळे पुनःस्थापनाचे काम पान्याआधी भिंगाने सुरू होते. एंजिन, गिअरबॉक्स व मागचा आस त्याच गाडीचे आहेत असे ठरले तर गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे जुळत्या क्रमांकांची मानली जाते. ही संज्ञा सैलपणे वापरली जात असल्यामुळे तिचे घटक वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. शेव्हरोलेच्या एंजिन-ठोकळ्यावर तीन प्रकारच्या खुणा असतात. पहिली ओतीव क्रमांकाची. ती साच्यातूनच आलेली असते आणि एकाच प्रकारच्या हजारो ठोकळ्यांवर समान असते, तेव्हा ती जुळणे हा फारच दुबळा पुरावा होय. दुसरी ओतकामाच्या तारखेची. तीत महिन्यासाठी ए ते एल पर्यंतचे अक्षर, नंतर दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक असतो. ‘सी १४ ९’ याचा अर्थ १४ मार्च १९६९ असा होतो. परंतु दशक सांगितलेले नसल्यामुळे तो १९५९ किंवा १९७९ असाही लागू शकतो व निर्णय ओतीव क्रमांकाच्या साहाय्याने करावा लागतो. तिसरी खूण एंजिनाच्या पुढील भागी, उजव्या हेडसमोरील (सिलिंडरांवर बसणाऱ्या माथ्याच्या भागासमोरील) सपाट पट्टीवर ठोकलेली असते. ‘व्ही ०३१८ डीझेड’ अशी ती असेल तर एंजिन फ्लिंट येथील कारखान्यात १८ मार्च रोजी जोडले गेले आणि ते झेड/२८ साठीचे ३०२ घन इंचांचे आहे असे समजते. आरंभी ‘टी’ असल्यास एंजिन टोनावांडा येथील असते. साधारणतः १९६८ च्या सुमारापासून याच परिसरात गाडीच्या ओळख क्रमांकाचा उत्तरार्धही ठोकला जाऊ लागला, आणि एंजिन विशिष्ट गाडीचेच आहे हे खऱ्या अर्थाने सिद्ध करणारी खूण तीच. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांबाबत ‘तारखा सुसंगत आहेत’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. सुसंगती म्हणजे ओतकाम आधी, जोडणी नंतर आणि गाडीची बांधणी त्याहूनही नंतर, व या टप्प्यांत काही दिवस ते काही आठवडे इतकेच अंतर.

बांधणीचा काळ एंजिन-कक्षाच्या मागील भिंतीवरील, फिशर बॉडी या जनरल मोटर्सच्या सांगाडे बनविणाऱ्या विभागाच्या पट्टीवरून कळतो. तीवर रंगाचा व अंतर्भागाचा संकेत असतो आणि ‘०४ ए’ अशा पद्धतीने महिना व आठवडा दिलेला असतो. १९६९ च्या कॅमॅरो ओहायओतील नॉरवूड व कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस अशा दोन कारखान्यांत तयार होत. नॉरवूडच्या पट्ट्यांवर साधारणतः डिसेंबर १९६८ पासून ‘एक्स ३३’ किंवा ‘एक्स ७७’ असे संकेत आढळतात व ते झेड/२८ चे द्योतक आहेत. लॉस एंजेलिसच्या पट्ट्यांवर असे काहीच नसते. एकाच कंपनीची, एकाच वर्षाची, एकाच नमुन्याची गाडी एका गावात सिद्ध होते आणि दुसऱ्या गावात संशयित राहते, हे या क्षेत्रातील नेहमीचे दुखणे आहे.

कागदपत्रांची स्थितीही कंपनीगणिक बदलते. फोर्डची १९६७ पासूनची उत्पादन-नोंद टिकून असल्यामुळे ‘मार्टी रिपोर्ट’ या नावाने तिचा उतारा मिळतो. पॉन्टियाकची बिले पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडून मिळतात, व १९६४-६५ च्या जीटीओचा निवाडा त्यांवरच अवलंबून असतो. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या आतल्या मडगार्डावरील पत्र्याची पट्टी आणि ‘बिल्ड शीट’ हा कारखान्यातील कामाचा कागद महत्त्वाचा ठरतो; मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला तो कधी अखंड, कधी उंदरांनी कुरतडलेला सापडतो. शेव्हरोलेची प्रत्येक गाडीची नोंद सहसा उपलब्ध नसल्याने हमीपुस्तिकेतील ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही लहान धातुपट्टी किंवा जुनी विक्री-पावती शोधावी लागते.

पुराव्याला इतके मोल आल्यावर तो बनविणारेही निर्माण झाले. ठोकळ्याचा माथा सपाट करण्यासाठी यंत्रावर घासला की ठोकलेली अक्षरे आणि कारखान्यातील कटाईचे बारीक समांतर चरे दोन्ही पुसले जातात. अशा पट्टीवर नवे क्रमांक ठोकणारे अक्षरे साधतात, पण चरे साधणे त्यांना अवघड जाते. म्हणून जाणकार परीक्षक आधी चरे पाहतो व मग अक्षरे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६५ पासून ओळख क्रमांकाची पट्टी फुलासारख्या डोक्याच्या रिव्हेटांनी बसविलेली असते आणि तीही अशीच बारकाईने तपासली जाते.

‘मूळ’ म्हणजे कोणत्या क्षणाचे, हा प्रश्न सर्वत्र सरळ नाही. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील येंको या विक्रेत्याने १९६७ मध्ये नव्या कॅमॅरो गाड्यांत ४२७ घन इंचांची एंजिने आपल्याच कार्यशाळेत बसवून विकली. अशी गाडी अक्षरशः कारखान्याच्या स्थितीत न्यायची तर जिच्यामुळे तिला मोल आले ते एंजिनच काढावे लागेल. १९६९ मध्ये तीच एंजिने ‘कोपो ९५६१’ या विशेष मागणीने कारखान्यातच बसविली गेली. येंकोच्या आधीच्या गाड्यांबाबत विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडतानाची स्थिती मूळ मानण्याचा प्रघात पडला आहे व तो सयुक्तिक दिसतो.

प्रत्यक्ष कामात गाडी पूर्ण उकलली जाते आणि प्रत्येक भागाची जागा, दिशा व रंग छायाचित्रांसह नोंदला जातो. जुना रंग व गंज काढण्यासाठी वाळूचा जोरकस मारा केल्यास सपाट पत्रा वेडावाकडा होतो. त्यामुळे प्लॅस्टिकचे कण, सोडा अथवा आम्लस्नान यांचा वापर होतो. गंज प्रामुख्याने तळाच्या पत्र्यात, डिकीच्या तळात आणि मागील चाकांभोवतीच्या पत्र्यात आढळतो. कारखान्यातील जोड विद्युत्-रोधाच्या स्पॉट वेल्डिंगचे असत. आजचा कारागीर छिद्रे पाडून ती वेल्डिंगने भरतो, मग घासून त्यांना स्पॉट वेल्डच्या खळग्यांचे रूप देतो. छत व मागील पत्रा यांचा सांधा मुळात शिशाच्या डाखाने भरलेला असे. तेथे आजची लांबी (पुटी) भरणे स्वस्त पडते, पण काटेकोर कामात ते कमीपणाचे समजले जाते. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोचा संपूर्ण नवा सांगाडाही आता बाजारात मिळतो. त्यावर जुनी क्रमांकपट्टी चढविणे कायदा व प्रघात दोहोंच्या दृष्टीने गैर आहे.

रंगाच्या बाबतीत या पद्धतीचे वेगळेपण सर्वांत ठळकपणे दिसते. जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरत असे, फोर्ड व क्रायस्लर ॲक्रिलिक एनॅमल वापरत. मोठ्या संख्येने होणाऱ्या त्या उत्पादनात रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येई, दारांच्या कडांखाली रंग पातळ राही, गाडीच्या पोटाशी नुसते अस्तर दिसे आणि त्यावर वरच्या रंगाचे तुषार उडालेले असत. पत्र्यांमधील फटीही सारख्या नसत. आजच्या दुहेरी थराच्या रंगाने व हाताने घोटून आणलेली आरशासारखी चकाकी ही म्हणून दोष मानली जाते. तिला ‘अतिपुनःस्थापन’ म्हणतात. आपल्याकडच्या कोणत्याही रंगाऱ्याला मजुरी देऊन मुद्दाम ओघळ राखायला सांगितले तर तो गिऱ्हाईकाकडे संशयाने पाहील, पण येथे ओघळाची जागासुद्धा जुन्या छायाचित्रावरून ठरविली जाते. तपासनिसांनी खडूने केलेल्या खुणा व रंगाचे ठिपके हेही पुन्हा उमटविले जातात. बोल्टांवर फॉस्फेटचा काळसर थर होता की कॅडमियमचा मुलामा होता हे भागवार ठरलेले असते, आणि कॅडमियम विषारी असल्याने त्याच्या जागी बहुधा तशाच दिसणाऱ्या जस्ताच्या मुलाम्यावर भागविले जाते. बोल्टाच्या डोक्यावरील निर्मात्याची खूणही जुळावी अशी अपेक्षा असते.

यांत्रिक दुरुस्ती इतर जुन्या गाड्यांसारखीच असते. उच्च संपीडन गुणोत्तराची ही एंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनविलेली होती व अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांना असे पेट्रोल विकणे १ जानेवारी १९९६ पासून बंद झाले. म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-बैठका बसवितात. हा बदल मूळाला धरून नाही, परंतु तो बाहेरून दिसत नसल्याने खपवून घेतला जातो. याउलट प्रदूषण कमी करण्यासाठीचा हवेचा पंप पहिल्या मालकांनी नको म्हणून काढून फेकलेला असतो आणि आज तोच दुर्मिळ व महाग आहे. टायर त्या काळच्या काचतंतूच्या पट्ट्यांचे, जुन्याच साच्यातील प्रतिकृती म्हणून मिळतात. ते शोभतात, पण पकड आजच्या टायरांइतकी नसते.

परीक्षणाची शिस्त मुख्यतः कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारच्या वर्तुळात घडली, जरी कॉर्व्हेटला काटेकोर अर्थाने मसल कार म्हणता येत नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या पद्धतीत मूळपणा व स्थिती यांना वेगवेगळे गुण असतात आणि सर्वोच्च श्रेणीसाठी किमान ९४ टक्के गुण लागतात. मापदंड ‘कारखान्याचे नेहमीचे उत्पादन’ हा असतो.

या सर्व खटाटोपाला एक आक्षेप आहे. फीवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत, वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, जतनाला पुनःस्थापनापेक्षा वरचे स्थान दिले आहे. वापराच्या खुणा हाही वस्तूच्या इतिहासाचा भाग होय, असा या मताचा आशय. बाजारानेही त्याला काही प्रमाणात दाद दिली आहे. चित्रपटातील पाठलागामुळे प्रसिद्ध झालेली फोर्डची १९६८ ची हिरवी मस्टँग रंग उडालेल्या, पुनःस्थापन न झालेल्या स्थितीतच जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातील किसिमी येथे दलालीसह ३७.४ लाख डॉलरला विकली गेली. मात्र तिचे उदाहरण सर्वसाधारण गाडीला लावता येत नाही, कारण गंजून तळ गेलेल्या गाडीत जतन करण्याजोगे फारसे उरलेलेच नसते.

भारतात या वर्गातील गाड्या विरळा आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या जात, पण त्या या काळाच्या आधीच्या, साध्या प्रवासी गाड्या होत. केंद्रीय नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते व नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे.