दुधाचं एक जनुक नसतं

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीची धार काढतात. तिथं एखाद्या म्हशीचं कौतुक सुरू झालं की गाडी तिच्या आईवर जाते: किती लिटरची होती, फॅट किती लागायची. बापाचं नाव कोणी काढत नाही. रेड्याला दूध नाही, मग त्याचं काय विचारायचं! पण लेकीच्या जनुकांत निम्मा वाटा त्याचाच असतो. तो मोजायचा कसा, हे कळायला विज्ञानाला अर्धशतक लागलं आणि मध्ये एक जंगी भांडणही झालं.

ग्रेगोर मेंडेलनं १८६६ मध्ये वाटाण्याचे प्रयोग छापले. त्याची झाडं उंच तरी किंवा बुटकी तरी. अधलंमधलं काही नाही. माणसांचं तसं नसतं. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. ताडमाड आईबापांची मुलं उंच निघाली, पण सरासरीकडं झुकलेली, आणि मधल्या सगळ्या उंच्याही होत्याच. १९०० मध्ये मेंडेल पुन्हा उजेडात आल्यावर दोन तट पडले. विल्यम बेटसनचा गट म्हणे, वारसा सुट्या घटकांनी चालतो. कार्ल पिअर्सनचा गट म्हणे, मोजपट्टी लावून बघा, सगळं सलग आहे.

कोंडी फोडली गव्हानं. स्वीडनच्या हरमान निल्सन-एहलेनं १९०९ मध्ये लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हाचे संकर मांडले. एका संकरात दुसऱ्या पिढीत ६४ मागं एकच पांढरा, बाकी सगळे लाल, पण कमीजास्त गडद. मेंडेलच्या वाटाण्यांत दुसऱ्या पिढीत चारांत एक झाड बुटकं निघायचं. हा तोच हिशेब, तीनदा गुणलेला: चार गुणिले चार गुणिले चार. तीन जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे लालीचे सहा हिस्से. जितके पदरात पडतील तितका रंग गडद. जनुकं पन्नास असतील आणि वर चाऱ्यापाण्याचा फरक असेल, तर पायऱ्या दिसणारच नाहीत.

हे गणितात बसवलं इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं. त्याचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीकडं गेला तेव्हा परीक्षक दोन्ही तटांतले होते, पिअर्सन आणि रेजिनाल्ड पनेट. उत्साह दोघांनीही दाखवला नाही. फिशरनं लेख मागं घेतला. १९१८ मध्ये तो एडिंबरात छापून आला. प्राण्याप्राण्यांतल्या फरकात वारशाचा भाग किती आणि परिस्थितीचा किती, हे त्यामुळं वेगळं काढता येऊ लागलं.

आजच्या पशुपैदाशीचा हिशेब याच पायावर चालतो. एका लेकीच्या दुधावरून रेडा कळत नाही. त्याच्या जनुकांतला कुठला निम्मा हिस्सा तिला आला हा नशिबाचा भाग, शिवाय पेंड, ओला चारा, गोठा, कितवं वेत. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या बऱ्याच लेकींचं दूध एकत्र पाहिलं, तरच बापाचा वाटा उघडा पडतो. तरी नुसत्या देखण्या रेड्यावर भाळणारे आपल्याकडं कमी नाहीत.

माणसाच्या उंचीसाठी २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. उंचीशी संबंध असलेल्या डीएनएतल्या १२,१११ जागा सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांवरून सांगता आला. इतर वंशांत मात्र १० ते २० टक्केच, आणि तपासलेल्यांत बहुतांश लोक युरोपीय वंशाचेच होते.