गोठवलेल्या रक्तातली चार प्रथिने

अमेरिकेत १९९३ मध्ये कर्करोगाच्या तपासणीचा ‘पीएलसीओ’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. ५५ ते ७४ वयाचे सुमारे १ लाख ५५ हजार स्त्री-पुरुष त्यात होते आणि त्यातल्या अनेकांचे रक्त गोठवून ठेवले गेले. रक्त दिले तेव्हा ही माणसे हिंडती-फिरती होती. काहींना फुप्फुसाचा कर्करोग झाला तो पुढे. रोग उघड होण्याआधीचे रक्त असे आयते मिळणे म्हणजे घबाडच. एरवी नमुना हाती येतो तो निदान झाल्यावर.

त्या रक्तात टेक्सासच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी चार प्रथिने मोजली. सीए-१२५ हे बीजाशयाच्या कर्करोगामुळे परिचित असलेले. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत तसेही थोडे जास्त असते. सायफ्रा २१-१ हा पेशींच्या आतल्या सांगाड्याचा तुकडा. चौथे मला सर्वांत रंजक वाटते. श्वास सोडताना फुप्फुसातले वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा लेप असतो. त्या लेपातल्या एका प्रथिनाचे हे कच्चे रूप.

पण हे सगळे कशासाठी? कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे २०११ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात दिसले होते. त्याच अभ्यासात संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांहून अधिक मात्र खोट्या भीतीचे निघाले. म्हणून स्कॅन कोणाचा करायचा, हा खरा पेच. अमेरिकी नियम वय आणि सिगारेटी मोजतो: ५० ते ८० वर्षे वय, रोज एक पाकीट या हिशेबाने किमान २० वर्षांचे धूम्रपान आणि सोडले असल्यास १५ वर्षांच्या आत. (बिडीचा हिशेब कसा लावायचा, ते आपले आपण बघायचे!)

चार प्रथिने आणि धूम्रपानाचा तपशीलवार इतिहास एकत्र केल्यावर, या नियमाच्या तुलनेत ९.२ टक्के अधिक कर्करुग्ण स्कॅनसाठी निवडले गेले असते आणि कर्करोग न झालेल्यांपैकी १३.७ टक्के कमी लोकांना स्कॅनला जावे लागले असते, असा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही चाचणी कर्करोग आहे की नाही ते सांगत नाही. स्कॅनच्या रांगेत कोणाला उभे करायचे, एवढेच ठरवते.

हीच मोजपट्टी जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही. सीए-१२५ क्षयरोगातही वाढते, आणि बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण स्कॅनवर गाठीसारखे दिसतात.