रेल्वेचे घड्याळ आणि इंजिन कोरलेले घड्याळ

कोकणातल्या ज्या घरांतले कोणी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होते, अशा घरांत पेटीच्या तळाशी एखादे खिशातले घड्याळ अजूनही सापडते, आणि त्याच्या मागच्या झाकणावर वाफेचे इंजिन कोरलेले असले की घरची मंडळी त्याला अभिमानाने ‘रेल्वेचे घड्याळ’ म्हणतात. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण खुली झाली, त्यामुळे ही घड्याळे येथे आली ती बोटीने किंवा एस. टी.ने, चाकरमान्यांच्या खिशातून. माझ्या आजोबांचे घड्याळही असेच आलेले. ते रोज वापरावे या इच्छेने मी रत्नागिरीतल्या एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडले, मग भिंग माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “तुम्हीच बघा.” चक्राचा दाता सोडणाऱ्या-अडवणाऱ्या अँकर या भागाच्या दोन टोकांना जेथे माणकाचे खडे असायला हवेत, तेथे दोन बारीक पोलादी खिळे उभे होते.

खड्यांऐवजी असे खिळे, म्हणजे ते घड्याळ रॉस्कॉफ पद्धतीचे होते. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडेल असे, मोजक्या भागांचे, दणकट घड्याळ बाजारात आणले; पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या आणि त्यांपैकी अनेकांच्या झाकणावर वा तबकडीवर इंजिनाचे चित्र आले. रॉस्कॉफची मूळ कल्पना मला आजही आदरणीय वाटते. परंतु झाकणावरचे इंजिन ही सजावट आहे. त्यावरून आतल्या यंत्राची प्रत कळत नाही. तबकडीवर जी. आय. पी. सारख्या रेल्वे कंपनीची अक्षरे असली, तर त्यावरून फार तर घड्याळ कोणासाठी घेतले गेले एवढेच कळते.

‘रेलरोड’ दर्जाचे घड्याळ ही निराळी गोष्ट आहे आणि तिचा उगम अमेरिकेत आहे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली, आणि एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाले होते, असे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे घड्याळांच्या तपासणीचे काम आले आणि हळूहळू नियम कडक होत गेले: वर झाकण नसलेली उघडी तबकडी, पांढऱ्यावर ठळक आकडे, चावीचा गोंडा बाराच्या डोक्यावर, किमान १७ ज्वेल (झीज टाळणारे माणकाचे खडे), घड्याळ आडवे-उभे अशा पाच स्थितींमध्ये चालीची जुळणी, आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक नाही, आणि ३४ ते १०० अंश फॅरनहाइट या तापमानातही चाल बिघडता कामा नये. आपला वैशाखही बहुधा या मर्यादेत बसतो. हॅमिल्टन ९९२, वॉल्थम व्हॅनगार्ड, एल्जिनचे बी. डब्ल्यू. रेमंड ही या वर्गातली नावाजलेली घड्याळे होत.

घड्याळ हातात घेतल्यावर ओळखीची सर्वांत सोपी खूण वेळ लावण्याच्या रीतीत आहे. साधारण घड्याळात गोंडा वर ओढला, किंवा काही जुन्यांत गोंड्याशेजारची बारीक पिन नखाने दाबली, की काटे फिरतात. रेलरोड घड्याळात गोंडा ओढून काहीच होत नाही: समोरची काचेची कडी फिरवून काढावी लागते, तबकडीच्या कडेला लपलेली नखाएवढी पट्टी बाहेर ओढावी लागते, मग गोंड्याने काटे फिरवून ती पट्टी पुन्हा आत ढकलावी लागते. खिशातून काढताना चुकून वेळ बदलू नये, यासाठी ही सारी यातायात आहे. ही पट्टी मात्र काही साध्या १५ ज्वेलच्या घड्याळांतही असते. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये आणि यंत्रावर ज्वेलची संख्या व ‘अ‍ॅडजस्टेड’ (जुळणी केलेले) हा शब्द कोरलेला आहे का, ते पाहावे.

रोजच्या वापरासाठी माझा कौल निःसंशय रेलरोड घड्याळाला आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपली हवा आहे. आषाढातल्या खाऱ्या दमट हवेत पोलादी हेअरस्प्रिंगवर, म्हणजे चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, टाचणीच्या टोकाएवढा तांबूस ठिपका पडला, तरी चाल बिघडते. रॉस्कॉफ घड्याळांचे मागचे झाकण बहुधा नुसते दाबून बसवलेले असते. रेलरोड घड्याळांच्या बहुतेक डब्यांना पुढून-मागून आटे असतात, त्यामुळे धूळ आणि दमट हवा कमी शिरते. मात्र पाणी ते मुळीच अडवत नाहीत. हॅमिल्टनने १९४० मध्ये काढलेल्या ९९२बी मध्ये एलिन्व्हार मिश्रधातूची हेअरस्प्रिंग आहे. ती गंजाला आणि मोबाइलजवळच्या चुंबकत्वाला साध्या पोलादापेक्षा अधिक टिकते, म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने जमल्यास तेच शोधावे. एरवी केवळ १७ ऐवजी २१ ज्वेलसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. यंत्र स्वच्छ असेल तर १७ पुरतात. आकार मात्र १६ नंबरचा घ्यावा, कारण १८ नंबरचे घड्याळ सदऱ्याच्या खिशाला जड होते.

दोन्हींतली एक उणीव सारखीच आहे: धक्का सोसण्याची सोय नसते. लादीवर एकदा पडले की बॅलन्सचा, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचा, बारीक दांडा मोडतो, म्हणून साखळी हवीच. रेलरोड घड्याळाचा दांडा दुसऱ्या निकामी यंत्रातून मिळवता येतो. रॉस्कॉफचे खिळे झिजले की घड्याळजी सहसा हात लावत नाहीत. आजोबांचे घड्याळ म्हणूनच मी सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवले आहे आणि गणपतीत एकदा चावी देतो.

विकत घेताना विक्रेत्याकडे झाकण उघडून यंत्राचे स्पष्ट छायाचित्र मागावे. तो केवळ इंजिन कोरलेली बाजूच दाखवत राहिला, तर ते घड्याळ घेऊ नये.