वटवट्यांची ओळख: कातडी आणि हाक

ऑक्टोबर लागला की सह्याद्रीच्या झाडीत अंगठ्याएवढे हिरवट पक्षी येतात. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत पुढच्या फांदीवर पसार. हे पर्णवटवटे. त्यातला कोणता कोणता, हा घोळ अडीचशे वर्षांचा आहे.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं 1758 साली अशाच एका युरोपीय वटवट्याला नाव दिलं आणि दिसायला सारखे ते सगळे त्याच नावाखाली गेले. इंग्लंडमधल्या सेल्बर्न गावच्या निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइटला ते पटेना. 17 ऑगस्ट 1768च्या पत्रात त्यानं प्राणिशास्त्रज्ञ थॉमस पेनंटला ठामपणे कळवलं, हे तीन वेगळे पक्षी आहेत, कारण तिघांचे आवाज कधीच सरमिसळ होत नाहीत. एक मार्चच्या मध्यापासून दोनच सूर घोकतो. दुसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावर नाकतोड्यासारखी किरकिर करतो, आणि गाताना त्याचे पंख थरथरतात! एवढं बारीक लक्ष दुर्बिणीशिवाय.

पुढचा दुवा गमतीचा आहे. व्हाइटच्या या पत्रांचं पुढं पुस्तक झालं; त्याची 1836ची एक आवृत्ती संपादित करणारा एडवर्ड ब्लाइथ 1841 साली कलकत्त्याला, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात आला. आपल्याकडे हिवाळ्यात दिसणाऱ्या हिरव्या आणि थोराड चोचीच्या वटवट्यांची, तसंच हिरवट वटवट्याच्या इथं येणाऱ्या उपजातीची शास्त्रीय वर्णनं त्याच्याच नावावर आहेत. पण संग्रहालयात जपलेली पक्ष्यांची कातडी बोलत नाहीत. पंखावरची फिकट पट्टी ही नेहमीची खूण, तीही पिसं झिजली की पुसट होते. म्हणून आजही रानात आधी हाक ऐकायची: हिरवटाची दोन तुकड्यांची, हिरव्याची तीन, थोराड चोचीचा 'दिर्-टी' म्हणतो, त्यातली 'टी' चढी.

हिरवटाचं प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचं. हिमालयातून तिबेटच्या पठाराच्या दोन्ही अंगांनी त्याची वस्ती उत्तरेकडे पसरत गेली असावी, असं पक्षीतज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्टनं 1938 साली मांडलं. शेजारशेजारची गाणी थोडीथोडी बदलत जातात; सैबेरियात दोन टोकं पुन्हा भेटतात तेव्हा मात्र ओळख उरलेली नसते. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांचं 2001 सालचं काम हेच सांगतं. तिथं पश्चिमेकडच्या नराला पूर्वेकडच्याचं ध्वनिमुद्रित गाणं ऐकवलं, तर तो हद्द राखायला धावून येत नाही.