शेअर रिक्षा स्वस्त पडते म्हणून?

‘लोक शेअर रिक्षाने जातात, कारण ती स्वस्त पडते.’ मुंबईत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. हिशेब मात्र उलटा आहे. जुलै 2019 मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं 8 रुपयांवरून 5 केलं, एसी बसला 6. पाच रुपयांत शेअर रिक्षाची सीट तेव्हाही मिळत नव्हती. मे 2025 मध्ये बसभाडं 10 आणि 12 झालं, ती गोष्ट वेगळी.

मग लोक रिक्षात का शिरतात? संध्याकाळी कुर्ला स्टेशनबाहेर उभे राहा. ‘एक सीट, एक सीट!’ चौथा माणूस ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर (नियमात तीनच बसतात) आणि रिक्षा सुटते. बस कधी येईल, कोणालाच ठाऊक नसतं. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या, तशी स्टॉपवरची वाट लांबली. वाहतूक नियोजनात वाट पाहण्याचं एक मिनिट प्रवासातल्या मिनिटापेक्षा जड धरतात, ते उगाच नाही. जादा पैसे त्या मिनिटांचे जातात.

आणि माहीम-सायनच्या दक्षिणेला तर रिक्षाच नाही; चर्चगेटला लोक शेअर टॅक्सीत बसतात.