शेवटचं बोट कधी लागलं?

कुरिअरवाल्याच्या हातातलं, ज्यावर आपण बोटानं वेडीवाकडी सही करतो ते यंत्र काही मिनिटं नुसतंच पडून राहिलं, की त्यातलं अ‍ॅप स्वतःहून लॉगआउट होतं. माणूस निघून गेला हे त्याला कळतं कसं? खरं तर कळतच नाही. शेवटचं बोट कधी लागलं एवढंच त्याला ठाऊक असतं, बाकी सगळा अंदाज.

हा अंदाज स्वस्तात बांधावा लागतो. क्षणोक्षणी ‘कोणी आहे का’ विचारत बसणं बॅटरीला परवडत नाही. प्रत्येक स्पर्शाला जुना टायमर मोडून नवा लावणं हाही फुकटचा खटाटोप, कारण बोट नुसतं सरकलं तरी स्पर्शाच्या नोंदींचा पाऊस पडतो. त्यापेक्षा स्पर्श झाला की फक्त वेळ टिपून ठेवायची. पाच मिनिटांचा टायमर वाजला आणि शेवटची नोंद दोन मिनिटांपूर्वीची निघाली, तर उरलेल्या तीन मिनिटांसाठी तो पुन्हा लावायचा.

पण वेळ कुठल्या घड्याळाची? खरी गोम इथे आहे. भिंतीवरच्या घड्याळासारखी तारीख-वेळ चालत नाही. मोबाइल नेटवर्कनं ती मध्येच दुरुस्त केली की हिशेब कोलमडतो. म्हणून यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजतात. अँड्रॉइडमध्ये अशी दोन घड्याळं आहेत. यंत्र गाढ झोपेत गेलं की एक थांबतं, दुसरं चालूच राहतं. अ‍ॅपमधले साधे टायमर थांबणाऱ्या घड्याळावर चालतात. त्यामुळे रात्री खिशात टाकलेलं यंत्र सकाळी उघडलं, तर टायमरच्या लेखी जेमतेम मिनिटभर झालेलं असू शकतं आणि कालचं लॉगिन तसंच उघडं! उपाय सोपा आहे: अ‍ॅप पुन्हा समोर आलं की न थांबणाऱ्या घड्याळाशी पडताळायचं.

मोजणारा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या जागेत मावणारा असेल, तर मिलिसेकंद मोजता मोजता ४९.७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो. एवढे दिवस वाट बघत कोण चाचणी करणार? विंडोज सीई या हातयंत्रांच्या प्रणालीत यावर झकास युक्ती होती. तिच्या चाचणी-आवृत्तीत आकड्यातून मुद्दाम १८० सेकंद वजा केलेले असत, म्हणजे मोजणी कमाल आकड्याच्या जरा अलीकडूनच सुरू व्हायची. यंत्र सुरू केल्यावर तिसऱ्याच मिनिटाला आकडा उलटायचा आणि चुकीचा कोड लगेच उघडा पडायचा.

स्पर्श कुठे झाला यानंही फरक पडतो. अँड्रॉइड अ‍ॅपला ‘वापरकर्ता हलला’ अशी खबर देतं, पण ती मुख्य पडद्यापुरती. स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि मध्येच उघडणारी छोटी चौकट या वेगळ्या खिडक्या. कोणी मन लावून लांबलचक पत्ता टाइप करत असेल, तर अ‍ॅपच्या मते तो केव्हाच गेलेला असतो. बारकोड स्कॅनरचंही तसंच: तो कीबोर्ड असल्याचं भासवून आकडे पाठवत असेल तर ठीक, पण सीरियल पोर्टमधून, म्हणजे नुसता डेटा वाहून नेणाऱ्या जोडणीतून पाठवत असेल तर प्रणाली त्याला माणसाची हालचाल धरत नाही. ती नोंद अ‍ॅपनंच करायची.

नुसतं वाचत बसलेल्या माणसाचं काय? सॅमसंगनं २०१२ च्या गॅलेक्सी एस-३ मध्ये पुढच्या कॅमेऱ्यानं डोळे शोधायला सुरुवात केली. स्वस्त हातयंत्राला तो खर्च झेपत नाही. तिथे आधी इशारा द्यावा हेच शहाणपणाचं. वेबसाठीचे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि एखाद्या सोप्या क्रियेनं ती वाढवता येऊ द्या.

फक्त तो इशारा घालवणारा स्पर्श तिथेच गिळून टाकायला हवा. तो खालच्या बटणापर्यंत झिरपला, तर गिऱ्हाईक दारात उभं असताना पार्सलवर ‘परत पाठवा’चा शिक्का बसायचा.