मजकूर रकान्याचा हेतू

अर्जातला एखादा रकाना नावासाठी आहे, फोन नंबरसाठी आहे की पासवर्डसाठी, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने यंत्राला कळेल अशा खुणेने सांगून ठेवणे म्हणजे रकान्याचा हेतू ठरवणे. रकान्यावरचे लेबल माणूस वाचतो. ही खूण कीबोर्ड आणि ब्राउझर वाचतात. पडद्यावर अक्षरे आणायची की आकडे, हे मोबाइल तिच्यावरूनच ठरवतो.

पडद्यावरच्या खिडक्या, बटणे, रकाने बनवायच्या जीटीके या सॉफ्टवेअर-संचात ही सोय ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्यात ‘अंक’ आणि ‘संख्या’ हे वेगळे हेतू मानले आहेत: पहिल्यात फक्त अंक, दुसऱ्यात दशांशचिन्ह आणि अधिक-उणेही. वेबवर हेच काम एचटीएमएलचे (वेबपाने लिहिण्याच्या भाषेचे) टाइप (रकान्याचा प्रकार), इनपुटमोड (कोणता कीबोर्ड) व ऑटोकम्प्लीट (आपोआप काय भरायचे) हे गुणधर्म करतात. हेतू हा मुळात इशारा आहे, तपासणी नव्हे; एचटीएमएलचा टाइप थोडी तपासणी करतो, पण एरवी चुकीचा मजकूर अडवायला वेगळी व्यवस्था लागतेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हेतू चुकल्याचा त्रास जमिनीच्या अर्जात लगेच जाणवतो. ‘सर्व्हे नंबर’मधला ‘नंबर’ पाहून रकाना अंकांचा केला, तर ४५/२अ लिहिताना तिरकी रेघ सापडत नाही आणि ‘अ’ही नाही. कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या भूमी प्रणालीत सर्व्हे नंबर, सरनॉक (सर्व्हे नंबरासोबतची उप-खूण) आणि हिस्सा वेगवेगळे विचारतात, ते बरे. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ संख्या म्हणून साठवला की पुढचे शून्य गळते. ५९०००१ या पिन कोडाचीही बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. असल्या कोडांना नंबर टाइप लावू नये, असे एचटीएमएलच्या मानकातच म्हटले आहे. आयएफएससी कोडात तर ११ पैकी पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पाचवे शून्य असते. तिथे आकड्यांचा कीबोर्ड उघडला की माणूस पहिल्याच अक्षराला अडतो.

लिपीचा प्रश्न हेतूने सुटत नाही. सीमाभागात एकाच फोनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी कीबोर्ड असतात. ‘नाव’ एवढ्या खुणेवरून ते कोणत्या लिपीत हवे हे कळत नाही. अँड्रॉइड ७.० पासून रकान्याला भाषेचा इशारा वेगळा देता येतो, आणि इथल्या अर्जांत तो द्यायलाच हवा. देवनागरीत टाइप केलेले १२३ एचटीएमएलचा नंबर टाइप सहसा स्वीकारत नाही. त्याला इंग्रजी अंकच लागतात.

नावाच्या खुणाही जपून लावाव्या लागतात. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. शेजारच्या कन्नड कुटुंबात पुष्कळदा आद्याक्षरे आणि नाव एवढेच असते. तीन सक्तीचे रकाने ठेवण्यापेक्षा पूर्ण नावाचा एकच रकाना दोघांनाही सोयीचा.

डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या सुगम्यता मानकात (वेबपाने अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या नियमांत) १.३.५ हा निकष रकान्याचा हेतू यंत्राला कळावा याविषयी आहे. तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीपुरता लागू होतो, आणि गावच्या ऑनलाइन सेंटरात नेमकी इथेच गल्लत होते. अर्ज भरतो सेंटरवाला, माहिती असते समोर बसलेल्या आजीची. ब्राउझर मात्र फोनच्या रकान्यात सेंटरवाल्याचा किंवा आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर सुचवतो. तो तसाच राहिला तर ओटीपी भलत्याच फोनवर जातो. अशा संगणकावर ब्राउझरची आपोआप भरण्याची सोय बंद ठेवावी आणि नंबर आजींकडून वाचून घेऊनच लिहावा.